गोदी जेवली

तांडापेठेतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी
बांबू आडवे बांधले, त्या दिवशी
दिवाकरनं ते मोजले. बारा.
त्याला बारापर्यंतच येतं.
बारापुढे तो पुन्हा एकावर येतो, न लाजता.
वीस होईस्तोवर हात धुवा, आशाताई सांगून गेल्या.
दिवाकरचे वीस काही येतच नाहीत.
अख्ख्या नागपुरात सगळ्यात स्वच्छ हात
तेव्हा माझ्या भावाचे होते, वय एक्केचाळीस,
आणि टाकी सकाळी दहालाच रिकामी.

त्याची कार्यशाळा बंद. लिफाफे बंद, खडू बंद,
मधल्या सुट्टीतला चिवडा बंद.
तरी आठला डबा घेऊन तो ओट्यावर बसायचा.
व्हॅन यायची नाही.
मग डबा तिथंच उघडून खायचा
आणि कामावरून आल्यासारखा
चप्पल झटकून घरात यायचा.

बाबा मात्र निघायचे.
मिलचा भोंगा आता त्यांच्याच कानात वाजतो.
पंचेचाळीस डिग्रीची दुपार, कूलर धापा टाकतोय,
आणि हे सदऱ्याची बटणं वरखाली लावून दाराशी.
"काऊन लावलं बे दार?"
मी खरं सांगायचे.
खरं सांगणं म्हणजे माया, असं वाटायचं मला.
"साथ आली, बाबा."
"पटकी?"
चेहरा एकदम सात वर्षांचा.
"गोदीले नेलं काय?"

गोदी त्यांची धाकटी बहीण. फोटोसुद्धा नाही.
रात्री बैलबंडीत घालून नेली,
एवढंच आईनं सांगितलेलं, भाजी निवडता निवडता.
आता दिवसातून अकरा वेळा मी खरं सांगायचे
आणि अकरा वेळा ती बंडी दारातून निघायची.
अकराव्या वेळी मी ओरडले.
तांब्या आपटला. पोचा अजून आहे.

दिवाकर खाली बसून जुन्या पेपरचे लिफाफे करत होता,
कोणी मागितलेले नसताना.
मान वर न करता म्हणाला,
"गोदी हाय. जेवली."
"जेवली?"
"जेवली. वांग्याची भाजी."
बाबांनी एकेक बटण सोडलं.
दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं.
दिवाकरनं पुन्हा सांगितलं, त्याच आवाजात,
जसं पहिल्यांदाच कोणी विचारतंय.

आशाताईंच्या फॉर्मवर रकाने होते:
ताप, खोकला, साखर, बीपी.
"अजून काही?"
मी दोघांकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं.
पेन थोडं थांबलं,
मग 'निरंक' लिहिलं.

ऑगस्टमध्ये ताप आला तो मलाच.
मागच्या खोलीत, जिथं आजोबांचा माग होता,
खुंट्या अजून भिंतीत आहेत,
तिथं चौदा दिवस.
शेजारच्या हेडाऊकाकू भिंतीवरून जेवण द्यायच्या,
दिवाकर ताट दाराशी ठेवायचा
आणि हात धुवायला जायचा तो अर्ध्या तासासाठी.
बाबांच्या गोळ्यांना मी रंग लावून ठेवले होते,
सकाळची पिवळी डबी, रात्रीची निळी.
रंग तो चुकत नाही.
मी चुकले असते कदाचित.
पडल्या पडल्या ऐकत राहायचे,
बोट यंत्रात, आकडा त्र्याण्णव.

चौथ्या दिवशी बाबा माझ्या दाराशी आले.
कडी हलली.
"कोण हाय आत?"
मी श्वास धरला, होता तेवढा.
"गोदी हाय," दिवाकर म्हणाला.
"जेवली?"
आता तो गप्प.
ताट त्याच्यासमोरच होतं, झाकलेलं, तसंच.
त्याला समोर दिसतं त्याच्याविरुद्ध बोलता येत नाही,
हे मला तेव्हा कळलं, बहीण असून.

"बाबा, थोडं मागं व्हा," मी म्हटलं.
दार वीतभर उघडलं, ताट आत ओढलं.
वांगीच होती. वास नाही, चव नाही.
मी जेवले,
चमचा ताटावर वाजवत,
बाहेर ऐकू जाईल असं.